दोनशे सतरा आभार

आमच्या गावाची लोकसंख्या दोनशे एकोणीस असून गावात एक कलामंडळ आहे. मंडळ पूर्णपणे स्वयंसेवी तत्त्वावर चालते, म्हणजे त्यात कोणाला काम सांगता येत नाही आणि कोणाला काढूनही टाकता येत नाही. मी या मंडळाचा मानद चिटणीस. प्रस्तुत निवेदन मी स्वखुशीने व ठराव क्रमांक एकोणनव्वदला अनुसरून करत आहे. झाल्या प्रकाराबद्दल गावात कोणीच काही बोलत नाही, तेव्हा निदान नोंद तरी असावी.

मंडळ दरवर्षी एक नाटक करते. रविवारी, दुपारी चार वाजता, धान्याच्या जुन्या गोदामात. गोदामाला खिडक्या नाहीत, त्यामुळे नाटकाला लागणारा अंधार आयता मिळतो. एका टोकाला वीस फूट बाय चौदा फुटांचे स्टेज आहे, समोर लोखंडी खुर्च्या. चोवीस वर्षे हे सगळे सुरळीत चालले होते.

तीन वर्षांपूर्वी नाटक संपल्यावर आभार मानायला मी उभा राहिलो आणि घाईघाईत इलेक्ट्रिशियनचे नाव राहून गेले. त्याने चाळीस फूट वायर, दोन होल्डर आणि एक फ्यूज दिला होता. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि टोकापासून वायर गुंडाळत गुंडाळत दाराबाहेर पडला. उरलेले आभार मी अंधारात मानले. कोणाकडे बघून मानतो आहे हे दिसत नसल्यामुळे आणखी चौघे दुखावले.

दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा झाली. मंडळाचे अध्यक्ष पिठाची गिरणी चालवतात आणि गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे सभेतही ओरडूनच बोलतात.

"चिटणीस, माणसं तुटतात अशानं! नाटकाचं काय घेऊन बसलात? नाटक पुढच्या वर्षीही करता येतं. दुखावलेला माणूस पुन्हा वायर देत नाही!"

हे म्हणणे सर्वांना पटले आणि आभार उपसमिती स्थापन झाली. प्रमुखपदी निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची निवड झाली. बाईंनी बत्तीस वर्षे हजेरी घेतली होती आणि त्यांच्या वहीतून एकही नाव कधी सुटले नव्हते. आठ दिवसांत त्यांनी 'नमुना अ' तयार केला. त्यात मदतनिसाचे नाव, मदतीचे स्वरूप आणि मदत निरपेक्ष असल्याबद्दल त्याचीच सही, असे तीन रकाने होते. खाली कलमे होती. पैकी कलम पाच असे: 'कार्यक्रमास अडथळा न आणणे हीसुद्धा मदत समजण्यात येईल.'

कलम पाचला मी दबक्या आवाजात हरकत घेतली होती.

"गोदामाशेजारी लाकडं फोडणारा माणूस दोन तास कुऱ्हाड खाली ठेवतो की नाही?" बाईंनी विचारले.

"ठेवतो."

"त्याचे आभार मानले नाहीत तर?"

कलम पाच मंजूर झाले आणि यादी चौसष्टवरून एकशे बारावर गेली.

इथे पोस्टमनकाकांबद्दल सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला असे मंडळाचे अधिकृत मत आहे. पोस्टमनकाका सव्वीस वर्षे मंडळाच्या पडद्याची दोरी ओढत आले. विंगेत उभे राहून त्यांना प्रत्येक नाटक तोंडपाठ झालेले. नट अडखळला की काकांचे ओठ हलायचे आणि नट सावरायचा. त्यांना काम मात्र कधी मिळाले नाही, कारण मग दोरी कोण ओढणार, हा प्रश्न दरवर्षी निघे आणि दरवर्षी चहा येऊन तिथेच संपे.

गेल्या वर्षी काका आपणहून माझ्याकडे आले. हातात टोपी होती, ती ते उगाच गोल फिरवत होते.

"यंदा नावाड्याचं काम मला द्या," ते म्हणाले. "आक्काचे डोळे चाललेत हो. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात फक्त उजेड आणि अंधार कळेल, बाकी नाही. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. म्हणते, सव्वीस वर्षं नाटकाला येते आणि माझा भाऊ काही दिसत नाही, नुसता पडदा हलताना दिसतो. एकदा तुला स्टेजवर बघू दे."

मला गलबलून आले, हे मी नाकारत नाही. नावाड्याचे काम काकांना दिले. नाटक असे होते: नदीवर पूल होतो, माणसे नावेत बसायची बंद होतात, तरी म्हातारा नावाडी रोज काठावर येऊन पलीकडे हाक मारतो. सहा पात्रे, पन्नास मिनिटे. आक्कांनी कपड्यांसाठी आपली मोठी पत्र्याची ट्रंक कपड्यांसकट पाठवून दिली. बाईंनी लगेच नमुना अ भरून घेतला.

आता यादीचे काय करायचे ते पाहू. आभार शेवटी ठेवले की नाटक संपताच लोक उठतात आणि रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानावे लागतात, असा आदल्या वर्षीचा अनुभव होता. म्हणून आभार आधी घेण्याचे ठरले. पण आधी घेतले तर स्वतःचे नाव ऐकून झाल्यावर माणूस बाहेर हवा खायला जातो. त्यावर अध्यक्षांनी तोडगा काढला की ज्याचे आभार मानले त्याला प्रमाणपत्र देऊन स्टेजवरच बसवायचे. चारचौघांसमोर स्टेजवरून उठून जायला माणसाला लाज वाटते.

तोडगा बिनतोड होता. अडचण एवढीच झाली की एकशे बारा खुर्च्या चौदा फुटांत मावेनात. सुताराला बोलावून स्टेज पुढे वाढवले, म्हणून सुताराचे नाव वाढले. फळ्या ज्याने दिल्या त्याचे वाढले, फळ्या वाहणारे आठ जण वाढले. या दहा खुर्च्यांसाठी स्टेज पुन्हा वाढवावे लागले. पुढच्या रांगेचे गुडघे पडद्यात अडकू लागले तेव्हा पडदा काढून टाकण्यात आला. काकांनी दोरी सोडवली, नीट वेटोळे करून खांद्यावर टाकली आणि घरी नेली. ते काही बोलले नाहीत, तेव्हा त्यांची हरकत नाही असे इतिवृत्तात लिहिले.

मग वेळेचा प्रश्न आला. प्रत्येकी एक मिनिट धरले तरी अडीच तासांच्या कार्यक्रमात नाटकाला अठ्ठावीस मिनिटेच उरत होती.

"काका, थोडी काटछाट करावी लागेल," मी म्हटले.

"करा की. पुलाच्या उद्घाटनाचा प्रवेश लांबलाच आहे."

"पुलाचा नाही. पुलाच्या प्रवेशात अध्यक्षांचे मेहुणे आहेत. तुमची दोन पानं."

काकांनी पाने उलटून शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाले, "हाक तेवढी ठेवा शेवटची. बाकी काय वाटेल ते कापा."

याच सुमारास उपसमितीने ठराव केला की कलाकारांचे आभार मानू नयेत, कारण त्यांना टाळ्या मिळतात आणि एका माणसाला दोन्हीकडून लाभ देणे न्यायाला धरून नाही. ठराव वाचून दाखवला त्या संध्याकाळी मेहुण्यांचा घसा बसला. ते नट म्हणून निवृत्त झाले आणि खुर्च्या पुसण्याच्या कामात रुजू झाले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी प्रॉम्प्टिंगसाठी अर्ज केले. शनिवारपर्यंत सहापैकी पाच कलाकार मदतनीस झाले होते आणि नाटकात नावाडी एकटा राहिला होता. पाच प्रमाणपत्रे वाढली, एक नाटक कमी झाले. अध्यक्षांच्या मते एकूण प्रगतीच होती.

"एका पात्राला सात मिनिटं पुष्कळ झाली!" ते म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी बाईंनी यादी गावाच्या मतदार यादीशी आणि पाळण्यांशी ताडून पाहिली. तान्ही बाळे तालमीच्या वेळी रडली नव्हती. कलम पाचखाली तीही पात्र ठरली. एकूण दोनशे अठरा. त्यासाठी कार्यक्रम पावणेआठपर्यंत लांबवण्यात आला, नाटकाची मिनिटे मात्र सातच राहिली. गावात यादीबाहेर उरला फक्त नट. बाईंच्या चेहऱ्यावर असे समाधान मी पहिल्यांदा पाहिले.

रविवारी स्टेज गोदामाच्या पाऊण जागेवर पसरले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून प्रत्येकाने घरून आणल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला नावाची चिठ्ठी डकवली होती. चार वाजता आभार सुरू झाले. नाव पुकारले की माणूस समोरून उठे, प्रमाणपत्र घेई, फोटो काढून घेई आणि आपली खुर्ची उचलून वर जाई. खालची जागा रिकामी होत चालली, वरची भरत चालली. माझा क्रमांक एक्केचाळीस होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो.

दोनशे अठरावे नाव आक्कांचे होते. त्या खाली, दारापाशी, आपल्याच ट्रंकेवर बसल्या होत्या.

"आक्का, या वर," बाई माईकवर म्हणाल्या.

"मी कशाला वर येऊ? मी नाटक बघायला आलेय."

"तुमचं नाव यादीत आहे."

"मग काढा."

"नमुन्यात नाव काढायची सोय नाही, आक्का."

"मग राहू दे तिथंच. त्या नावालाच बसवा खुर्चीवर."

वर कोणीतरी हसले. बाईंनी आक्कांच्या नावापुढे 'अनुपस्थित' असा शेरा मारला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. सात मिनिटे उरली होती.

काका वल्हे घेऊन आले. स्टेजवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी एकदा आमच्याकडे, म्हणजे दोनशे सतरा प्रमाणपत्रांकडे, नीट पाहिले. मग ते खाली, मोकळ्या फरशीवर गेले, आमच्याकडे पाठ केली आणि आक्कांपासून चार पावलांवर उभे राहिले. आक्कांना तेवढ्यावरूनच दिसत असे.

ते काय काय बोलले ते मला सगळे ऐकू आले नाही. पाठमोऱ्या माणसाचा आवाज पुढे जातो. वल्हे मारताना त्यांचे खांदे वर-खाली होताना दिसले. सव्वीस वर्षे दोरी ओढलेले खांदे ते, वल्ह्याला अगदी शोभत होते. शेवटी त्यांनी वल्हे जमिनीला टेकवले, हात तोंडाशी नेला आणि हाक मारली, "पलीकडं कोणी आहे का?"

नाटकात यावर उत्तर नव्हते. सातव्या मिनिटाला दिवे जाणार होते.

"आहे रे," आक्का म्हणाल्या. "मी आहे की. दिसतोयस."

इलेक्ट्रिशियनचा हात बटणावरच राहिला. मला टाळी वाजवावीशी वाटली, अगदी मनापासून वाटली. पण दोन्ही हातांत फ्रेम केलेले प्रमाणपत्र होते आणि शेजारीही कोणी वाजवत नव्हते. काकांनी आक्कांना हाताला धरून उठवले आणि दोघे चालत घरी गेले. ट्रंक जड होती, ती तिथेच राहिली.

सोमवारी सभा झाली. दोनशे सतरा सन्माननीयांकडे पाठ करून काम केल्याबद्दल पोस्टमनकाकांकडे लेखी खुलासा मागवण्यात आला. खुलासा एका ओळीचा आला: 'मी प्रेक्षकांकडे तोंड करून काम केलं.' तो असमाधानकारक ठरवून दफ्तरी दाखल केला. त्याच सभेत ठराव एकोणनव्वद झाला. त्यानुसार, नाटकामुळे आभारांच्या कार्यक्रमात व्यत्यय येत असल्याने यापुढे नाटक वगळण्यात आले आहे. वायर, फळ्या आणि शांतता यांची मदत मात्र पूर्ववत घेतली जाईल. यंदाचा सोहळा पुढच्या रविवारी आहे. आक्कांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनेही नाटक नसल्याने फारसे बिघडत नाही, असे अध्यक्ष परवाच्या सभेत म्हणाले. यावर कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

तुम्ही आता मनातल्या मनात म्हणत असाल, की मी तिथे असतो तर खुर्चीवरून उठून खाली गेलो असतो. आम्हा दोनशे सतरा जणांनाही नेमके हेच वाटत होते. फक्त आधी दुसरे कोणी उठते का, हे प्रत्येक जण बघत होता. असो. हे निवेदन तुम्ही अडथळा न आणता, जागचे न हलता शेवटपर्यंत वाचलेत. कलम पाचखाली तुमचे नाव यादीत घेतले आहे. येताना खुर्ची घरून आणावी, चिठ्ठी आम्ही डकवू. दारापाशी अजून ती ट्रंक आहे आणि तिच्यावर कोणाचेही नाव नाही. बसायचे असेल तर तिथेही बसता येईल, पण तिथे बसणाऱ्याचे आभार मानण्याची आमच्याकडे सोय नाही.