रुपचंदची तिसरी फ्रेम

साक्रीच्या रुपचंद सुताराने लाकडावर आपोआप नक्षी कोरणारं सीएनसी मशीन घरीच बनवायला घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. मोटर आली, कॉम्प्युटर आला. अडलं ते सगळं पेलणाऱ्या फ्रेमवर. जातीचा सुतार, त्यामुळे पहिली फ्रेम सागवानी केली. दिसायला देव्हारा, पण मशीन सुरू झालं की ती थरथरायची आणि कमळाचं वांगं व्हायचं. दुसरी चौकोनी पाइपाची केली, तर वेल्डिंगने तिला पीळ पडला आणि ती तीनच पायांवर उभी राहिली.

"भाऊ, फ्रेम हालाले नको," वेल्डर हितेंद्र म्हणाला. "घरमा वजनदार काय शे?"

रुपचंदची नजर ओसरीवर गेली. तिथे बायकोचं, सुनंदाबाईंचं, शिलाई मशीन होतं. बिडाच्या भक्कम स्टँडवर. त्याने तो स्टँड फ्रेमसाठी मागितला.

"दोनच दिन ना?" सुनंदाबाईंनी विचारलं. "लगीनसराई शे."

"दोनच."

पण स्टँडचं पायडल सीएनसीच्या मोटरला अडू लागलं. रुपचंदने ग्राइंडर घेऊन ते कापलं. आधी विचारायला हवं होतं, असं त्याला वाटलं खरं, पण तोवर कापून झालं होतं.

सीएनसी मात्र झकास चाललं. पहिलं काम म्हणून त्याने बायकोसाठी वेलबुट्टीचं टेबल केलं, त्यावर शिलाई मशीन बसवलं आणि पायडल नाही म्हणून चाकाला मूठ लावून दिली. आता एका हाताने चाक, एका हाताने कापड, आणि खाली टेबल डुगडुगतंय.

"बठ्ठ्या बाह्या वाकड्या व्हई ग्यात," सगळ्या बाह्या उसवत सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या.

आठ दिवसांवर लग्न आलेली शेजारची पुनम ब्लाउज परत ठेवून गेली. वीस वर्षांत त्यांचं शिवण असं कुणी परत आणलं नव्हतं. रुपचंदला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये आला, तर त्याचा अर्धा कोरलेला दरवाजा भिंतीला टेकवलेला. सीएनसीच्या फ्रेमवर शिलाई मशीन, आणि समोर स्टुलावर सुनंदाबाई.

"हाई हालस नही," त्या म्हणाल्या.

"आनि मना दरवाजा?"

"दरवाजा थांबी. नवरी थांबाव नही." त्यांनी दोन्ही हातांनी कापड सरळ धरलं. "पायडल कोनी कापं?"

रुपचंद मूठ धरून चाक फिरवू लागला.

दुपारी हितेंद्र फ्रेम बघायला आला. दोघांना बघून तो दारातच थांबला.

"भाऊ, ऑर्डरी किती शेतस?"

"चौदा ब्लाउज," रुपचंद म्हणाला.