तांब्यातली चौथी रेघ

गुरुवार, १२ डिसेंबर १९८५. येलदरी, धरणाची कॉलनी. महिला भजनी मंडळाची वार्षिक बैठक. हजर : आक्का, शाळेतल्या मास्तरीणबाई, चौकीदाराची सुमन, आणखी सहा जणी आणि चिटणीस म्हणून मी. उंबऱ्याबाहेर सखाराम वायरमन, बासरीवाला, तांब्यासह.

'तांब्यासह' हे मी मंडळाच्या वहीत खरंच लिहिलं आहे. वस्तूंची नोंद ठेवणं हे माझं कामच होतं. मी धरणाच्या भांडारात लिपिक होते.

तर हा सखाराम बासरी घ्यायला बाजारात जायचा तो पितळेचा तांब्या आणि एक चमचा घेऊन. बासरी साधी, पत्र्याची, जत्रेत पोरं घेतात तसली. बांबूची त्याला चालत नसे. "आपल्याकडच्या उन्हात बांबू तडकतो बाई. पत्रा तापतो, पण पलटत न्हाई."

एकदा जिंतूरच्या बाजारात मी त्याच्यासोबत होते. त्यानं हॉटेलातून पाणी मागून तांब्यात एका ठरावीक जागेपर्यंत भरलं, चमच्यानं टण्णकन वाजवलं आणि काठीला खोचलेल्या बासऱ्या एकेक फुंकायला सुरुवात केली. फुंकली, टण्ण, मान हलवली, ठेवली. दुसरी. तिसरी. मी मोजत होते, सतरा झाल्या.

"चच्चा, लेना हय तो लेव," बासऱ्या विकणारा वैतागला. "सब जूठी कर डाले!"

"घाई न्हाई," सखाराम म्हणाला आणि अठरावी उचलली.

'घाई न्हाई' हे त्याचं ठरलेलं. साहेबांकडे पाहुणे जेवायला बसले असताना वीज गेली. साहेब खालून ओरडताहेत आणि हा खांबावरून सांगतोय, "घाई न्हाई साहेब. अंधारात घास तोंडाचा रस्ता चुकत न्हाई."

नवी बासरी आणली की तो तिला हिरवा ऑईलपेंट द्यायचा. आधीचीही हिरवीच. "आधीची चांगली होती की, सखारामभाऊ. दुसरी कशाला?" मी विचारलं. "गंजली," तो म्हणाला. ती गंजलेली नव्हती. मंडळाच्या पेटीत ठणठणीत पडून होती.

आक्का त्याची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या, याला त्यांनीच वाढवलेलं. भजनात पहिली ओळ त्यांची. बाकीच्या आम्ही मागून. गाणं झालं की पदरानं कपाळ टिपत त्या म्हणायच्या, "पोरींनो, तुमच्या वयात व्हता त्योच आवाज हाय माझा. तसूभर हलला न्हाई." लगेच उंबऱ्याबाहेरून साक्ष यायची, "न्हाई हलला, आक्का."

त्या बैठकीत मी मंडळाच्या सामानाची यादी वाचली. झांजा दोन जोड, सतरंजी एक, समई एक. बासऱ्यांपुढे नुसतं 'तीन' लिहून माझं समाधान झालं नव्हतं. तिन्ही हिरव्या, फरक काय ते नोंदवायला नको? म्हणून आदल्या दिवशी शाळेच्या बाजाच्या पेटीवर सूर लावून मी प्रत्येकीची पट्टी काढली होती. मोठ्यानं वाचलं, "पहिली काळी पाच. दुसरी काळी चार. तिसरी, सध्या वापरातली, काळी तीन."

मास्तरीणबाई हसल्या. "म्हणजे मंडळ एकेक पायरी खाली उतरायलंय की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. "सख्या, कवापासून?"

सखारामनं तांब्या पाठीमागे सरकवला.

पुढच्या गुरुवारी आक्का मागच्या रांगेत बसल्या. "घसा बसलाय," म्हणाल्या, आणि झांजा वाजवल्या. त्यानंतर घसा काही उठलाच नाही.

मग मी एकदा तो तांब्या नीट पाहिला. आतल्या अंगाला खिळ्यानं ओढलेल्या तीन रेघा, एकीवर एक. पाणी जास्त तसा नाद खाली. आक्कांचा आवाज उतरला की सखाराम त्या सुराला जुळेपर्यंत पाणी ओतायचा, रेघ मारायचा आणि त्या नादाची बासरी हुडकायचा. आक्का जिथं असतील तिथं बासरी त्यांना भेटायची. म्हणून त्यांना वाटायचं, आपण जागच्या जागी आहोत.

मी मात्र यादी पूर्ण केली होती.

सखाराम मला एका शब्दानं बोलला नाही. १९८८ साली माझी परभणीला बदली झाली, तेव्हा एस.टी.वर आला तो तांब्या घेऊनच. तो माझ्या पिशवीत ठेवत म्हणाला, "बाई, तिथं मोठी दुकानं हायती. ही चौथी रेघ. याच्या जोडीचा तांब्या घरी हाय, त्यातबी हीच मारलीय. एवढी बासरी बघा."

"पण आक्का गात नाहीत ना?"

"चुलीपाशी गुणगुणायलीय. म्या भिताडाआडून ऐकलो. लय खाली हाय, पण हाय. बासरी जुळली तर उठंल आवाज."

"कधीपर्यंत हवी?"

"घाई न्हाई."

परभणीत मी दुकानात गेले. कॉलेजची मुलं, एक तबलजी, गल्ल्यावर मालक. "कोणती पट्टी?" त्यानं विचारलं. पिशवीत माझा हात तांब्यावर होता. एवढ्या माणसांत चमच्यानं तांब्या वाजवायचा? मी अंदाजानं म्हणाले, "काळी दोन." घरी येऊन चौथ्या रेघेपर्यंत पाणी भरलं, वाजवलं, फुंकून पाहिलं. जुळली नाही. दुसऱ्यांदा गेले ती दुकानाच्या पायरीवरूनच परतले. बाजारातली बाकीची सगळी कामं मात्र त्या दिवशी झाली.

गेल्या वर्षी त्याचं कार्ड आलं. "आक्का बरी हाय. गुणगुणनं आनखी उतरलंय. पानी चौथ्या रेघेच्या बोटभर वर घ्या. घाई न्हाई."

उद्याची यादी केली आहे. दळण. विजेचं बिल. मुलीचा दाखला. खाली : बासरी, पत्र्याची, चौथ्या रेघेच्या बोटभर वर. जुनं पान भरलं की बाकीची कलमं खोडलेली असतात. हे एवढं मी पुढच्या पानावर उतरवून घेते.