मोलकरीण शब्दाची फोड

मावशी मोरीत बादली भरायला लावून ओटा पुसत होत्या. निवृत्त मास्तर पेपर वाचत होते आणि त्यांची बायको बाजारात गेली होती. मावशींनी सहज विचारलं, "मास्तर, मोलकरीण म्हणजे मोलानं विकत आणलेली का हो? काल जिन्यात एकीनं मला तसं म्हटलं. मनाला लागलं."

निवृत्तीनंतर मास्तरांना शब्दाचं मूळ विचारणारं कुणी भेटलंच नव्हतं. त्यांनी पेपर टाकला. "आधी बसा."

"ओटा राहिलाय."

"तो कुठे पळून जातोय? बसा."

मावशी बसल्या.

"मूल्य हा संस्कृत शब्द. प्राकृतात मोल्ल, आपलं मोल. मोल घेऊन काम करतो तो मोलकरी. शेतकरी, शेतकरीण, तसंच हे. विकत घेतात ते कष्ट, माणूस नव्हे. मीही पगार घेऊनच शिकवलं की. म्हणजे मीसुद्धा मोलकरीच."

"मग तुम्ही आमच्यातलेच," मावशी खुलल्या आणि उठू लागल्या. पण मास्तर रंगात आले होते. ते 'बाई'कडे वळले, तिथून 'दासी'वर गेले. तोवर मोरीच्या जाळीवर फडकं बसलं होतं आणि पाणी उंबरा ओलांडून बैठकीत शिरलं होतं.

"अरे देवा," म्हणत मास्तर धावले, घसरले, पडद्याला लोंबकळले आणि दांडीसकट खाली आले.

मावशींनी नळ बंद केला, फडकं काढलं, मास्तरांना गादीवर घेतलं, कमरेला शेक दिला. पुढच्या घरी 'आज जमणार नाही' असं कळवून सगळं घर कोरडं केलं.

मास्तर कण्हत म्हणाले, "आजचं मोल वेगळं देईन."

"ठेवा तुमच्यापाशी. पडलेल्याला उचलायचं मोल नसतं."

इतक्यात बायको आली. "हे काय झालं?"

"मोलकरीण शब्दाची फोड करत होते," मावशी म्हणाल्या, "ती करताना कंबर गेली."

बायकोनं पिशवी ठेवली, दांडी उचलली, चहाचं आधण चढवलं. तिची ती लगबग मास्तर प्रथमच आडवं पडून, निवांत बघत होते. ते हळूच म्हणाले, "मोल घेऊन करते ती मोलकरीण. पण जन्मभर मोल न घेता करते, तिला काय म्हणायचं? कोशात काही सापडत नाही."

"कोशात कशाला शोधता?" बायको चहा गाळत म्हणाली. "तिला 'अगं' म्हणतात."

मावशी पदराआड हसल्या. मास्तरांना उठता येत नव्हतं, पण हात जोडता येत होते. त्यांनी ते पडल्यापडल्या दोघींना जोडले.