एका वाक्याची प्रार्थना

उपासनेत सगळ्यांना सहभागी कसं करून घ्यावं, हे शिकायचं असेल तर आमच्या मंडळीत या, असं मी गेल्या रविवारी सकाळपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

आमच्या चर्चमध्ये मोठी प्रार्थना काकासाहेबच करायचे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. गावाच्या वेशीपासून सुरू करून एकेका घराचं, एकेका माणसाचं नाव घेत, अगदी आजारी बैलापर्यंत. लहानपणी मी आईच्या मांडीवर झोपायचो, झोप काढून उठायचो, तरी काकासाहेबांची प्रार्थना वेशीपाशीच असायची. आमेनच्या आधी डोळे उघडले की आई चिमटा काढायची. ते चिमटे आता फार आठवतात.

पण नागापूरला कंपनीत जाणारी आमची पोरं उपासनेला यायची बंद झाली. "दुपारची पाळी असते, रविकांतकाका. प्रार्थना संपेपर्यंत गाडी निघून जाते," धवल म्हणाला. म्हणून मी बेत आखला. सगळ्यांनी प्रार्थना करायची, पण प्रत्येकानं एकच वाक्य. शेवटचं वाक्य आणि आमेन काकासाहेबांचं.

गेल्या रविवारी पोरं आली. मी खूश!

झुंबरबाईंनी सुरुवात केली, "प्रभू, काहींच्या कोंबड्या दुसऱ्याच्या वाफ्यात शिरत्यात, त्यांच्या मालकिनीला बुद्धी दे."

लगेच साळूबाई, "बापा, काहींनी कुंपनच घातलं न्हाई, त्यांना आधी काटे दे."

बाकीच्यांनी घाईघाईनं पाऊस, परीक्षा, गुडघे उरकले आणि पाळी काकासाहेबांची आली.

शांतता. पुन्हा शांतता. कुणीतरी खोकलं. म्हातारा बसल्या जागी गेला की काय? बाहेर कंपनीची गाडी हॉर्न द्यायला लागली. पण आमेनशिवाय डोळे उघडायची आमच्यात कुणाची छाती नाही. शेवटी मीच एक डोळा किलकिला केला आणि बाकांना धरत, दोघांचे पाय तुडवत काकासाहेबांपाशी पोचलो. त्यांचे ओठ हलत होते.

"काकासाहेब, आमेन म्हणा."

"थांब की. आत्ताशी कोपरगावात शिरलोय."

"कोपरगावात?"

"आपल्या लेकी दिल्यात ना तिथं? त्यांना सोडून फुडं कसा जाऊ? तू मोठ्यानं एकच वाक्य म्हन म्हनलास, ते शेवटी म्हनतो. बाकी समदं मनात चाललंय."

तेवढ्यात मागून धवलचा आवाज आला, "काकासाहेब, माझं नाव झालं का?"

"झालं की. तुझ्या मशिनीसकट."

"मला ऐकू नाही आलं. मोठ्यानं म्हणा ना."

"गाडी जाईल रे," मी म्हणालो.

"जाऊ द्या. रिक्षानं जाऊ."

आणि काकासाहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. वेशीपासून! तोच खर्जातला आवाज, तीच घरं. गेलेल्या माणसांसाठी आभार मानताना माझ्या आईचं नाव आलं, आणि मी डोळे गच्च मिटले. तिच्या मागोमाग माझं आलं.

"आन् देवा, आमचा रविकांत. पोरगं गुनाचं हाय, पर घाई लई. त्याला जरा दम धरायला शिकीव."

आणि इतके दिवस मी ज्यासाठी जिवाचं रान केलं होतं ते अखेर घडलं. आमची मंडळी, पोराबाळांसकट, झुंबरबाई-साळूबाईंसकट, एका सुरात म्हणाली, "आमेन."