स्वामीरावांच्या गाडीचं पत्रेकाम

कुठल्याही वस्तूची किंमत ऐकली की स्वामीराव दोनांपैकी एक शब्द उच्चारत. जास्त वाटली तर "लूट!" आणि कमी वाटली तर "मोसम!" मोसम म्हणजे तमिळमध्ये फसवणूक. या दोहोंच्या मधे कुठेतरी रास्त किंमत नावाची गोष्ट असावी, असा माझा साताऱ्याकडचा भाबडा समज होता. पण सहा वर्षांच्या शेजारात ती मला एकदाही दिसली नाही. मद्रासमधल्या आमच्या विल्लिवाक्कमच्या बाजारातल्या भाजीवाल्या तर त्यांना पाहिलं की भाव सांगायच्याच नाहीत. "सार, तुम्हीच बोला," म्हणायच्या. मग स्वामीराव स्वतःच एक भाव बोलत, क्षणभर विचार करत आणि त्याला "लूट!" म्हणून पुढे जात.

ते एका इंग्रजी चहा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तिकडे गेले, ते जाताना नेलेलं मराठी त्यांनी जपून वापरलं होतं. मी अंबत्तूरच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. पहिल्याच दिवशी ते फाटकाशी येऊन म्हणाले, "या, बैसा. भाडें किती म्हणून सांगटले तुम्हांस?" मी आकडा सांगितला. "मोसम," ते म्हणाले. "छत गळत असेल." छत गळत होतं.

अशा माणसाकडे स्पोर्ट्‌स कार होती. दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची, एके काळी लाल असलेली विलायती गाडी. कंपनीचा शेवटचा गोरा मॅनेजर मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला. काय भावाने, ते स्वामीरावांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की त्या रात्री झोंप आली नाही. तिचा एक दिवा टॅक्सीचा होता, हॉर्न लॉरीचा होता आणि आरसा न्हाव्याच्या दुकानातला होता. ताशी शंभर मैल धावायला जन्मलेली ती गाडी रोज संध्याकाळी पाच वाजता मामींना, म्हणजे स्वामीरावांच्या पत्नीला, घेऊन बाहेर पडे आणि सायकलींना वाट देत देवळाच्या तळ्याला एक वळसा घालून परत येई. मामी एरवी घराबाहेर दिसत नसत. म्हातारा-म्हातारी हवा खायला जातात, असं गल्लीचं मत होतं. पेट्रोलचा भाव ऐकून त्यांना झीट कशी येत नाही, असंही होतं.

त्या वर्षी मद्रासला पाऊस नव्हता. नळ कोरडे पडले होते आणि गल्लीत पाण्याची लॉरी येत असे. एका सकाळी ती रिव्हर्स घेताना फाटकाबाहेर धुवायला काढलेल्या स्वामीरावांच्या गाडीवर चढली. डावीकडचा मडगार्ड आणि दरवाजा पाणीपुरीच्या पुरीसारखा आत बसला. लॉरीच्या मागचा नळही फुटला आणि पाण्याची धार रस्त्यावर पडू लागली.

क्षणात सगळी गल्ली धावून आली. स्वामीरावांना वाटलं, आपल्यासाठीच. त्यांनी "पाहा, पाहा!" म्हणून दरवाजाकडे बोट केलं. पण लोक प्लास्टिकच्या घागरी घेऊन आले होते. कुणी बादली लावली, कुणी भांडं लावलं, एका बाईंनी तर "थोडं सरका की मामा" म्हणून त्यांना बाजूला केलं. ड्रायव्हर पळून गेला, तेही कुणी पाहिलं नाही. लॉरी रिकामी होत आली तेव्हा स्वामीरावांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा धारेकडे पाहिलं आणि आत जाऊन आपली घागर आणली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "तुम्ही कारखान्यांत असतां. पत्र्याचं तुम्हांस कळतं."

मी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण शेजारी आपल्याला इंजिनियर समजतो ही गोष्ट मोडवत नाही. मी दरवाजावर टकटक केलं आणि म्हणालो, "हं."

त्या 'हं'पायी माझे सात रविवार गेले.

मद्रासला पत्रा ठोकून सरळ करण्याच्या कामाला टिंकरिंग म्हणतात. गाडी घरीच ठेवून, तिचे फोटो खिशात घालून आम्ही पहिल्यांदा माउंट रोडच्या मागच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे टाय लावलेल्या माणसाने आम्हाला गार खोलीत बसवलं, कॉफी दिली आणि टाइप केलेलं कोटेशन पुढे ठेवलं. स्वामीरावांनी कॉफी संपवली. मग कागद वाचला.

"लूट! ही माझ्या गाडीची दुरुस्ती नव्हे, तुमच्या गार हवेचं बिल."

"सार, आमचं काम क्वालिटीचं असतं."

"कागद तर क्वालिटीचा आहे," असं म्हणून त्यांनी तो घडी करून खिशात घातला. मागची बाजू कोरी होती.

पुढच्या रविवारी पुदुपेट. तिथे एक मिस्त्री कडुलिंबाखाली उकिडवा बसून दरवाजा ठोकत होता. त्याने फोटो उलटसुलट करून पाहिले आणि आकडा सांगितला. आकडा इतका कमी होता की मीच दचकलो.

"मोसम," स्वामीराव माझ्या कानाशी म्हणाले. मग त्याला तमिळमध्ये विचारलं, "इतकं स्वस्त का?"

"काम छोटं आहे, सार."

"पण इतकं स्वस्त का?"

मिस्त्री हातोडी खाली ठेवून विचारात पडला. "मग जास्त सांगू का?"

"सांग."

त्याने दुप्पट सांगितलं.

"पाहिलंत?" स्वामीराव माझ्याकडे विजयाने वळले. "दोन मिनिटांत लुटायला लागला!"

तिसऱ्या रविवारी त्यांनी लोहचुंबक आणलं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की स्वस्तवाले पत्रा सरळ करतच नाहीत. खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात आणि वर रंग मारतात. पत्र्याला चुंबक चिकटतं, जाड पुट्टीला चिकटत नाही. विद्या खरी होती, पण ती त्यांनी वापरली ती लोकांच्या गाड्यांवर. अरुंबाक्कमच्या एका गॅरेजमध्ये एक सद्गृहस्थ नुकतीच तयार झालेली पांढरीशुभ्र गाडी ताब्यात घेत होते. पुढच्या काचेवर लिंबू-हार, हातात कापूर. स्वामीरावांनी जाऊन मागच्या दरवाजाला चुंबक लावलं. ते टप्‌कन खाली पडलं. दुसरीकडे लावलं. टप्‌. तिसरीकडे लावलं. टप्‌.

"अभिनंदन," स्वामीराव त्या गृहस्थांना म्हणाले. "तुमची गाडी पुट्टीची आहे. आंत थोडा पत्राही असेल."

त्यानंतर तिथे जे झालं त्यात माझ्या शर्टाचा खिसा फाटला. बसमध्ये स्वामीराव मात्र प्रसन्न होते. "एका मनुष्याचं भलं जालं."

असं करत करत सातव्या रविवारी आम्ही अंबत्तूरला आरोग्यसामीकडे पोचलो. हा आमच्या कारखान्याचे वाकलेले पत्रे सरळ करून देई. साठीचा, शांत, जाड काचांचा चष्मा लावणारा माणूस. शेडमध्ये दोनच गाड्या. स्वामीराव न विचारता दोन्ही गाड्यांवर चुंबक फिरवून आले. ते सगळीकडे चिकटलं. आरोग्यसामी हसला. "सार, मी पुट्टी फक्त केसाएवढी लावतो. बाकी हातोडी." आणि त्याने फोटो पाहून किंमत सांगितली.

मी स्वामीरावांच्या तोंडाकडे पाहिलं. लूट नाही, मोसम नाही. सहा वर्षांत प्रथमच मी ती रास्त किंमत नावाची वस्तू पाहत होतो.

"किती दिवस?" स्वामीरावांनी विचारलं.

"विलायती गाडी, सार. पार्ट मिळत नाहीत, हाताने घडवायचे. चाळीस दिवस इथे ठेवा."

स्वामीरावांनी शेडकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "जमायचं नाहीं," ते म्हणाले. "शेडचं तोंड दक्षिणेस आहे."

माझा ताबा सुटला. रस्त्यातच मी म्हणालो, "स्वामीराव, तुम्हाला गाडी दुरुस्त करायचीच नाही. लोकांचा अपमान करत हिंडायला तुम्हाला फुकटचा सोबती हवाय, एवढंच. मला पुन्हा विचारू नका."

ते बसमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. नंतरचे दहा-बारा दिवस फाटकाशी भेट झाली तरी आम्ही दोघंही चपला नीट करत असल्याचं दाखवायचो.

मग एक दिवस वीज गेली म्हणून कारखाना दुपारीच सुटला. मी पावणेपाचला गल्लीत शिरलो तेव्हा स्वामीरावांचं फाटक उघडं होतं. गाडी पोर्चमध्ये उभी होती आणि मामी तिच्यापाशी उभ्या होत्या. अंगावर मोरपंखी रेशमी लुगडं, डोक्यात मोगरा, हातात डब्याची पिशवी. लग्नाला निघाल्यासारख्या.

डावीकडचा चेपलेला दरवाजा उघडत नव्हता. स्वामीरावांनी उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला, एक पाट ठेवला होता. त्यावरून ते मामींना आत चढवत होते आणि मामींना गिअरच्या दांड्यावरून पलीकडच्या सीटवर सरकता येत नव्हतं. मी धावलो. आम्ही दोघांनी मिळून त्यांना बसवलं.

"ह्या दाराला काय जालं?" मामींनी विचारलं.

"आतांच लॉरी लागली, अम्मा. उद्यां नीट करवितों," स्वामीराव म्हणाले. त्यांनी खाकी शर्ट घातला होता आणि डोक्यावर ड्रायव्हरची टोपी होती.

मामी माझ्याकडे वळून हसल्या. "हे ड्रायव्हर फार भले हो. रोज नेतात. आमचे 'हे' तंजावरास वाट पाहत असतील." मग पुढे म्हणाल्या, "चला ना, उशीर होतो."

"होय, अम्मा," ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडी निघाली.

मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. वीस मिनिटांनी गाडी परत आली. मामी ड्रायव्हरच्या बाजूनेच, पाटावरून, कष्टाने उतरल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. "आले नाहींत कां न्यायला?"

"येतील, अम्मा. आंत बैसा."

"कालही नाहीं आले," असं म्हणत त्या आत गेल्या. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

स्वामीराव माझ्या शेजारी पायरीवर बसले. टोपी काढली. डोकं घामाने भिजलं होतं.

"तीन वर्षें जालीं," ते म्हणाले. "पाच वाजले कीं तंजावरास निघते. लग्नानंतर पहिल्यानें घरीं आली ती तिच्या मामाच्या मोटारींतून. मी दारांत उभा होतों. मोटारीचा दरवाजा मीच उघडला. तेवढं तिच्या ध्यानांत राहिलं आहे. टॅक्सींत बैसत नाहीं, परक्याची म्हणते."

"आणि तुम्ही?"

"मला ओळखत नाहीं. पण फेरी घालून परत आलों कीं मी टोपी काढीत असें. खांद्यावर अंगवस्त्र घेऊन पलीकडून जात असें आणि तिच्या बाजूचा दरवाजा उघडीत असें. तेव्हां ओळखी. रात्रीं निजेपर्यंत नांव घेऊन बोले." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "लॉरी लागल्यापासून तो दरवाजा उघडत नाहीं. मग मी येतच नाहीं, असं तिला वाटतं. आणि गाडी चाळीस दिवस कुणापाशीं ठेवली, तर पाच वाजतां मी तिला काय सांगूं?"

"मला आधी का नाही बोललात?"

"तुम्ही डॉक्टर सुचवला असतां," स्वामीराव म्हणाले. "गल्लीनें जोशी सुचवला असतां."

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत आरोग्यसामीकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाला, "मडगार्ड राहू दे. आधी दरवाजा करू. मी तिथे येतो."

तो आपलं काम बाजूला ठेवून सकाळी सहाला हातोड्या घेऊन येऊ लागला. पोर्चमध्ये दरवाजा उतरवून जमिनीवर ठेवायचा, मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि हलक्या हाताने एकेक इंच पत्रा बाहेर काढायचा. साडेचारला तो दरवाजा दोरीने जागेवर बांधून देई, म्हणजे फेरी चुकायची नाही. घरी येऊन काम करायचं म्हणून त्याने जास्त पैसे सांगितले. स्वामीरावांनी ते आगाऊ दिले आणि वर त्याला रोज दुपारी जेवायला बसवलं. बिजागरी कुठे मिळेना, ती मी आमच्या कारखान्यातल्या लेथवाल्याच्या हातापाया पडून करून घेतली. सहा वर्षांत पत्र्याशी माझा आलेला हा पहिलाच संबंध.

नवव्या दिवशी दरवाजा बसला. रंग नव्हता, राखाडी प्रायमरच होता. आरोग्यसामीने त्या दिवशी साडेचारला हत्यारं आवरली, पण तो गेला नाही. आम्ही दोघं तुळशीच्या कुंडीमागे, काही कामच नसल्यासारखे, उभे राहिलो.

पाचला मामी आल्या, डाव्या बाजूने सहज आत बसल्या. गाडी तळ्याकडे गेली आणि तळ्याला वळसा घालून परत आली. स्वामीरावांनी इंजिन बंद केलं. टोपी सीटखाली सरकवली. उतरून खांबाआड गेले, खाकी शर्टावर जरीकाठी अंगवस्त्र घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि गाडीच्या पुढून चालत पलीकडे गेले. सत्तरीचे गृहस्थ, पण चाल नव्या नवऱ्याची होती.

त्यांनी मुठीला हात घातला. दरवाजा आवाज न करता उघडला.

"आलीस?"

मामींनी वर पाहिलं. त्या पाहतच राहिल्या. मग डब्याची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि जरा रागावून म्हणाल्या, "इतके दिवस कुठें होतां, स्वामी?"