आसमानी माल

आभाळ गडगडलं की बोरी गावची सगळी माणसं बाहेरून आत पळायची आणि भैरूआबा आतून बाहेर. बरं, रिकामा नाही. बगलेत चार धोतरं, खांद्यावर बांबू, डोक्यावर उलटी पाटी. मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत तो बांबू रोवायचा, त्यांना धोतरं ताणून बांधायचा आणि वर बघत उभा राहायचा. नवख्या माणसाला वाटावं, याला धुणं वाळत घालायला हीच वेळ सापडली का?

मी तेव्हा बोरीच्या शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं. शाळेला फळा एक, खुर्ची एक आणि त्या खुर्चीला पाय तीन. आबा माझा शेजारी. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला की हा दारात हजर. खायला नाही हो, तो कधी कुणाचं खायचा नाही. विचारायला.

"मास्तर, वारं कुनीकडचं हाय?"

अरे बाबा, बाहेर तू उभा आहेस! मी चुलीपुढं धुरात बसलोय, मला काय कळणार वारं? पण नाही. मी उठून, अंगणात येऊन, बोट ओलं करून वर धरायचो तेव्हा कुठं याचं समाधान व्हायचं. तेही घटकाभर. फाल्गुन लागला की या माणसाला चैन म्हणून पडायचं नाही. बस म्हटलं तर बसायचा, पण अर्धाच. एक कुल्ला ओट्यावर, एक हवेत. बोलता बोलता उठायचा, रस्त्यापर्यंत जायचा, आभाळाला नजर लावून परत यायचा. त्याच्याकडं बघून बघून मलाही बसवेनासं व्हायचं. बायको म्हणायची, एका आळीत असा एक पुरे होता की.

आता त्याचा धंदा सांगतो, म्हणजे धोतरांचा उलगडा होईल. आबाच्या घराण्याकडं गावाचं एक काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. गारांचा ढग आला की देवळामागं त्रिशूळ घेऊन उभं राहायचं आणि ओरडून, दटावून, हातापाया पडून त्याला शिवेबाहेर हाकलायचं. असल्या माणसाला गारपगारी म्हणतात. त्याबद्दल सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला सूपभर धान्य मिळायचं. आबाला स्वतःची जमीन बोटभर नव्हती. बायको जाऊन जमाना झाला होता, लेकरूबाळ नाही. गावच्या सुपावर त्याचं चालायचं.

तुम्ही म्हणाल, गारा हाकलणारा माणूस धोतरं कशाला पसरेल? मीही तेच विचारलं होतं. आबा मला खुळ्यात काढत म्हणाला, "मास्तर, पडू नये म्हनून मी बेंबीच्या देठापासून वरडतो का न्हाई? तरी पडलीच, तर ती कुनाची? जिनं माझं ऐकलं न्हाई तिला मी इकली, तर कुनाच्या बापाचं काय गेलं?"

आणि गिऱ्हाईक होतं, बरं का! बर्फ रेल्वेनं सेलूला यायचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. तिथून बैलगाडीनं जिंतूरला पोचेपर्यंत नुसतं ओलं गोणपाट उरायचं. जिंतूरच्या कचेरीतल्या साहेबलोकांना तर संध्याकाळी सोड्यात काहीतरी गार लागायचं. पाहुणे आले की गुलाबाच्या सरबतात काहीतरी तरंगायला लागायचं. आबाच्या मालात दोन प्रती होत्या. वरच्यावर धोतरात झेललेली, जमिनीला न लागलेली गार म्हणजे अव्वल. ती साहेबाची. अंगणातून सुपानं भरलेली दुय्यम, ती कारकुनांची.

"कारखान्याच्या बर्फाला मशीनचा वास येतोय, हुजूर," असं तो खुशाल साहेबाला सांगायचा. "ह्यो आसमानी माल हाय. वरून निघाला तो थेट तुमच्या गिलासात. मधी कुनाचा हात न्हाई!"

मधे आबाचे दोन्ही हात, धोतर, भुसकट आणि बैलगाडी एवढं सगळं असायचं, पण ते जाऊ द्या.

माल साठवायला त्यानं एक जुनं पेव धरलं होतं. जवारी ठेवायला जमिनीत खणतात ना, तो खड्डा. पहिल्या वर्षी शहाण्यानं काय करावं? सेलूच्या कापसाच्या जिनातून गाडीभर सरकी आणली आणि तिच्या थरात गारा पुरल्या. कापसाचं बी, ऊन बाधू देणार नाही, असा हिशेब. आता ओली सरकी ढिगात घातली की तापते, हे जिनातला हमालसुद्धा सांगेल. पण आबानं विचारलं कुणाला? पंधरा दिवसांनी साहेबाचा माणूस गाडी घेऊन आला. पेवाचं तोंड उघडलं तर आतून वाफ! गावातली म्हातारी माणसं पाया पडली, त्यांना वाटलं काही देवाचं आहे. आबानं आत हात घातला, चटकन बाहेर काढला आणि त्या माणसाला म्हणाला, "सायेबाला इचारा, आंघोळीला चाललं का?"

पुढच्या सालापासून त्यानं कोरडं भुसकट आणि कडुलिंबाचा पाला वापरला आणि माल टिकायला लागला.

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग एका साली अशी गार पडली की उभा गहू आडवा झाला. पाटलाचा गेला, सोनाबाई म्हणून एक विधवा होती तिचा अर्धा एकर गेला, कुणाचाच राहिला नाही. आबाचा घसा तीन दिवस बसलेला होता, म्हणजे ओरडला असणारच. पण त्याच आठवड्यात त्याची गाडी भरून जिंतूरला गेली, हे सगळ्या गावानं पाहिलं. आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. भैरूआबा गारा हाकलत नाही, बोलावतोय.

दुसऱ्या वर्षी फाल्गुन लागायच्या आत चावडीवर ठरलं. यंदा गार पडली तर आबानं गाव सोडायचं. पाटलानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमी शिकलेले. तुमच्यावर कुनी शक घ्यायचा न्हाई. ढग आला की गुपचूप जाऊन बघा. बोलावायलाय का हाकलायलाय, तेवढं सांगा."

मला संताप आला. मी काय हेर आहे? आणि ढग काय कुत्रं आहे, यू यू केलं की यायला? पण खरं सांगतो, हो म्हणालो. मलाही जाणून घ्यायचं होतं.

आबाला गाव सोडायची भीती होती म्हणता? छे! तो भलत्याच नादात होता. एके सकाळी येऊन माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, कुनाला बोलू नका. नशीब उघडायलंय." झालं होतं असं, की जिंतूरच्या साहेबाकडं होळीनंतर मोठी मेजवानी होती. हैदराबादेहून बडे पाहुणे येणार होते. घंगाळभर अव्वल गारा आणून दिल्या तर आबाला कचेरीत चपराशी करतो, असा शब्द साहेबानं दिला होता. बिल्ला, पट्टा आणि महिन्याच्या महिन्याला पगार. म्हातारपणी कुणाच्या खळ्यावर सूप घेऊन उभं राहायला नको.

झालं! रोज संध्याकाळी माझ्या अंगणात तालीम सुरू. कमरेला सुंभाचा पट्टा, छातीवर माझ्या बायकोच्या डब्याचं झाकण. मी अर्जदार, तो चपराशी.

"ठैरो! सायेब अंदर हैं."

"आबा, मला तातडीचं काम आहे."

"सायेब खाना खा रहे हैं!"

"अहो, सकाळी सकाळी?"

"सायेब हाय तो, कवाबी खाईल! तुमी ठैरो म्हनलं की ठैरायचं, मास्तर. असं इचारलं तर मला नोकरी कशी जमायची?"

म्हणजे बघा. गार पडली तर गाव जाणार, पण नोकरी मिळणार. नाही पडली तर गाव राहील, नोकरी जाईल. आणि ज्या गावानं त्याला असं तोडून टाकलं, त्याची त्यानं पर्वा का करावी? त्याच्या जागी मी असतो तर चार नव्हे, आठ धोतरं बांधली असती.

मेजवानीच्या आदल्या दिवशी दुपारी देवगाव फाट्याच्या अंगानं ढग उठला. काळा असता तर काही वाटलं नसतं. हा पांढुरका, हिरवट आणि जात्यासारखा एकसारखा घरघरणारा. माणसं शेतातून घराकडं धावत सुटली. मी शाळा सोडली आणि देवळाच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो. चोरून बघायची लाज वाटत होती, तरी बघत होतो.

धोतरं बांधून झाली होती. खाली घंगाळ ठेवलेलं. त्रिशूळ भिंतीला टेकवलेला, आणि आबा त्याला हातही लावत नव्हता. गप उभा होता.   म्हटलं, अरेरे, पाटील खरं बोलत होता.

टप्प! पहिली गार धोतरावर पडली. मग दुसरी, तिसरी. बोराएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. अव्वलातला अव्वल माल. आबानं एक उचलली, तळहातावर घेतली आणि तिच्याकडं बघत राहिला. पाणी त्याच्या मनगटावरून ओघळायला लागलं.

आणि एकदम त्यानं ती गार वर आभाळात भिरकावली.

"घे तुजी तुला! न्हाई पायजे!" बांबू उपटून त्यानं धोतरं ओरबाडून काढली, घंगाळाला लाथ घातली. ते गडगडत पार माझ्या पायाशी आलं. "झोळी काढली बघ! हितं गिऱ्हाईक न्हाई! दुकान बंद हाय! आता कुनासाठी पडायलीस?" त्रिशूळ हातात घेऊन तो ढगापुढं नाचायला लागला. "पाटलाचा गहू पिवळा पडायलाय, दिसत न्हाई का तुला? चार दिवस दे! सोनाबाईनं उसनं बी आनून पेरलंय, तिच्या वावरात पाय ठिवशील तर याद राख!" त्यानं एकेका वावराचं नाव घेतलं. सगळ्या गावाचं. ज्यांनी चावडीवर त्याला शिव्या घातल्या होत्या, त्यांचंही. आवाज चिरकला, फाटला, शेवटी उरलाच नाही. मग त्यानं त्रिशूळ टाकला आणि कपाळ जमिनीला टेकून नुसता हात जोडून पडून राहिला. पाठीवर गारा पडत होत्या.

थोड्या वेळानं गारा थांबून नुसता पाऊस राहिला आणि मग पावसाचीही भुरभुर झाली. ढग डोंगराकडं सरकला. कसा, ते मला विचारू नका. मी भूगोल शिकवायचो, मला उत्तर यायला पाहिजे, पण मी नाही देणार.

मी पुढं झालो. "आबा, अहो नोकरी गेली की तुमची!"

"गेली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मी कुठून आलो हेही त्यानं विचारलं नाही. चिखलात बसला होता, आणि आज पहिल्यांदा पुरता बसला होता. "मास्तर, धोतरं बांधताना मनात आलं, पडू दे. एकदाच पडू दे. ज्या मनानं हाकलायचं त्याच मनानं मी तिला बोलावलं. मागल्या साली बी बोलावलं आसल. कुनाला ठावं?"  "मला ना शेत, ना लेकरू. सकाळी उठून बांधाबांधानं हिंडतो. कुनाचा गहू कुठवर आला, कुनाच्या लोंबीत दाना भरला, मला इचारा. दुसरं हाय काय मला?"

मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला कसली लाज?

तिथून मी तडक पाटलाकडं गेलो. "हाकलत होता," म्हणालो. "डोळ्यांनी पाहिलं. जीव तोडून हाकलत होता."

पाटील मिशीला पीळ देत हसला. "ढग वाऱ्यानं गेला, मास्तर."

"आणि मागच्या साली पडली ती?"

"ती त्यानं बोलावली हुती."

त्या दिवशी मी पाटलाला जे बोललो ते मास्तरानं बोलायचं नसतं. उपयोग शून्य.

त्या साली गहू असा आला की खळ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. गावानं आबाला बाहेर काढलं नाही, आणि खळ्यावर बोलावलंही नाही. ढग वाऱ्यानं गेला, तर सूप कशाचं द्यायचं, असा सरळ हिशेब. आबा मात्र गेला. मीही मागोमाग गेलो, म्हटलं कुणी अपमान केला तर भांडायला असावं कुणी. सूप नाही, फडकं नाही. प्रत्येक खळ्याच्या कडेला उभा राहायचा, वाकून ओंजळभर गहू घ्यायचा, फुंकर मारून फोल उडवायचा, दाणे हातात खेळवायचा. मग एकेक दाणा परत ढिगात टाकून म्हणायचा, "लय बेस झाला," आणि पुढच्या खळ्याकडं चालू लागायचा. सोनाबाई पसाभर द्यायला उठली, तर म्हणाला, "बस गं बाई, मी नुसता बघायला आलोय."

सगळं गाव फिरून झाल्यावर परतीच्या वाटेवर मी चिडून विचारलं, "एवढं हिंडलात, मिळालं काय तुम्हाला?"

तो थांबला. दोन्ही हातांची ओंजळ त्यानं माझ्या नाकापुढं धरली.

"वास तर घ्या, मास्तर."

मी घेतला. ओंजळ रिकामीच होती, पण हातांना नव्या गव्हाचा वास येत होता.