पाठ फिरवा, घोडी येईल

चाबूक न उगारता, दोरी न ओढता, आवाजसुद्धा न चढवता घोड्याला शिकवणारी व्यक्ती तुमच्या ओळखीत आहे का? नसेल तर आता झाली म्हणून समजा. ती व्यक्ती मी!

असं सांगितलं की लोक मला आपादमस्तक न्याहाळतात. त्यात त्यांची चूक नाही. मी पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसते. खिडकीतून माझं तोंड आणि तिकीट फाडणारा हात, एवढंच दिसतं, आणि अशा बाईकडून कुणी घोड्याची अपेक्षा करत नाही. घोडा सोडाच, माझ्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही. पण माणसाने मनावर घेतलं तर काय होत नाही? मी एकदा मनावर घेतलं की आमच्या घरातले लोक आपापल्या वस्तू कपाटात लपवायला लागतात.

अडचणी होत्या त्या वेळेच्या आणि पैशाच्या. रीतसर प्रशिक्षणाची फी फोनवर ऐकली तेव्हा मी विचारलं, यात घोडापण मिळतो का? पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला. मग मी फुकटच्या व्हिडिओंवर शिकायचं ठरवलं. उन्हं चढली की तलावावर चिटपाखरू नसतं. तिकिटांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून मी ती सगळी विद्या आत्मसात केली. प्रशिक्षकांकडे एक लांब काठी असते आणि काठीच्या टोकाला दोरी. ती आमच्याच घरातल्या पडद्याचा दांडा आणि कपडे वाळत घालायची दोरी यांतून तयार झाली. ओले कपडे खुर्च्यांवर आले आणि पडदा सोफ्यावर, पण विद्येसाठी घराने एवढी झीज सोसायलाच हवी.

पद्धत फार सोपी आहे. घोडा हा मुळात भित्रा जीव. त्याच्याकडे रोखून बघितलं की त्याला वाटतं, आता हा मला खाणार. म्हणून बघायचं नाही. जवळ जायचं, हलकासा दाब द्यायचा, त्याने जरा जरी ऐकलं की दाब काढून घ्यायचा, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मग तो आपणहून मागे येतो. आला की मानेच्या मुळाशी खाजवायचं, तेच त्याचं बक्षीस. आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं की संपलं.

तलावाच्या मागच्या बाजूला घोडेस्वारी शिकवणारा एक तबेला आहे. त्याच्या मालकांना सगळे मेजर म्हणतात. ते सैन्यात कधीच नव्हते, पण मिशा तशा होत्या म्हणून लोकांनीच बढती दिली. मी तबेला झाडून द्यायचा आणि त्यांनी मला रोज थोडा वेळ एक घोडी द्यायची, असं आमचं ठरलं. त्यांनी दिली ती पांढरी घोडी. तिला सगळे राणीसाहेब म्हणत. ती कुणाचंच ऐकत नसे, त्यामुळे माझ्या हातून ती बिघडेल अशी भीती मेजरांना नव्हती.

तर या राणीसाहेब महिन्याभरात माझ्या मागे मागे फिरायला लागल्या. बिनदोरीच्या! मी डावीकडे वळले की त्या डावीकडे, मी थांबले की त्या थांबणार आणि माझ्या खांद्यावर उसासा टाकणार. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तलावावर तिकीट मागणाऱ्यांनाही मी हे ऐकवत असे, त्यांनी विचारलं नसलं तरी.

आणि मग राणीसाहेबांनी खाणं टाकलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एक दाढ किडली आहे आणि ती दवाखान्यातच काढावी लागेल, कारण तिथलं यंत्र हलवता येत नाही. रविवारी सकाळी आणा, उशीर केलात तर पू जबड्यात उतरेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही, असं ते म्हणाले. राणीसाहेबांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मी खरंच सांगते, ते बघून मला जेवण जात नव्हतं.

दवाखान्यात न्यायचं म्हणजे ट्रक आला. आणि ट्रक म्हटलं की राणीसाहेब खांब होऊन उभ्या राहत. मागे एकदा पाच माणसांनी पुढून ओढलं आणि मागून ढकललं, तर शेवटी माणसंच ट्रकमध्ये आणि घोडी अंगणात अशी स्थिती झाली होती. चारा दाखवून भुलवावं तर तिला खायचंच नव्हतं. मेजर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या त्या पद्धतीने ही ट्रकमध्ये चढली तर त्या दिवसापासून तुम्ही इथल्या प्रशिक्षिका. पाटीवर नाव लावतो. पण हिला वाचवा." एवढं बोलून ते मिशा पुसायला लागले. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

ट्रक मिळणार होता थेट रविवारी. सराव कशावर करणार? घरात मोठं, निरुपद्रवी आणि अचानक आवाज झाला की दचकणारं एकच जनावर होतं. माझा नवरा.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आल्यामुळे घरी फारसं बोलत नाही. मी त्याच्यावर मुकाट्याने पद्धत सुरू केली. सांगून केलं असतं तर त्याचं वागणं नैसर्गिक राहिलं नसतं. तो घरात आला की मी नजर जमिनीवर वळवायची. तो जवळ आला की एक खोल श्वास सोडून पाठ फिरवायची आणि दुसऱ्या खोलीत चालू लागायचं. तो मागे आला की मानेच्या मुळाशी खाजवायचं. निकाल तर उत्तम! चौथ्या खेपेपासून तो स्वयंपाकघर, बाल्कनी, न्हाणीघराचं दार, असा सगळीकडे माझ्या मागे यायला लागला. चेहरा मात्र उतरलेला. राणीसाहेबांचाही सुरुवातीला तसाच असायचा, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते सासूबाईंनी. सून मुलाच्या तोंडाकडे बघत नाही, तो जवळ आला की सुस्कारा टाकून निघून जाते, हे त्यांनी आपल्या खुर्चीतून बघितलं आणि नणंदेला फोन केला. नणंदबाई म्हणजे आमच्या कुटुंबाचं सर्वोच्च न्यायालय. शेजाऱ्यांची भांडणंही त्या सोडवतात, कुणी बोलावलं नाही तरी. रविवारी वहिनी कुठे असणार याची चौकशी करून त्यांनी सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवलं, माझ्या नवऱ्याला पुढे घातलं आणि वरात तबेल्याकडे निघाली. मला याची गंधवार्ता नव्हती.

तबेल्यात माझी जय्यत तयारी झाली होती. ट्रकचं मागचं फाळकं खाली टेकवलं की तीच चढायची उतरती फळी होत असे. आत पेंढा पसरला. मग मी सगळ्यांना नियम सांगितले. घोडीकडे कुणीही बघायचं नाही, नजर म्हणजे दाब! मेजरांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. ड्रायव्हरने फाळक्याच्या बाजूला मान खाली घालून थांबायचं. मी आत पाठमोरी उभी राहणार. फळीवर पावलं वाजली आणि मी "शाबास" म्हटलं की त्याने नजर वर न उचलता फाळकं लावायचं आणि निघायचं, अगदी हळू, माणसाच्या चालीने. मागून कितीही आपटाआपट झाली तरी थांबायचं नाही, कारण थांबलं की घोडीला वाटतं, आपटून काम होतं. ड्रायव्हर जुना माणूस होता, पण त्याने सगळं निमूट ऐकलं.

राणीसाहेबांना अंगणात मोकळं सोडून मी ट्रकमध्ये गेले आणि पाठ फिरवली. आता फक्त वाट बघायची. फाटकाशी स्कूटर थांबल्यासारखी वाटली. नणंदेचा आवाजही आल्यासारखा वाटला, पण मनात म्हटलं, असे भास परीक्षेच्या वेळी व्हायचेच. वळून बघायचं नाही.

आणि फळी वाजली. एक जड पाऊल. थोडं थांबून दुसरं. मी श्वास रोखला. पावलं वर आली, आत आली, माझ्या अगदी मागे येऊन थांबली, आणि मानेवर एक मोठा, ऊन उसासा पडला. मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. माझ्यासारख्या तिकीट फाडणाऱ्या बाईने, पडद्याच्या दांड्यावर शिकून, पाच पुरुषांना जमलं नाही ते केलं होतं! डोळे भरून आले. मी मागे न बघता हात नेला, मानेच्या मुळाशी हळूच खाजवलं आणि म्हटलं, "शाबास. शाबास गं माझी राणी."

धाडकन फाळकं लागलं. कडी बसली. ट्रक निघाला.

"माझं चुकलं," राणीसाहेब म्हणाल्या. "काय चुकलं ते मात्र तू सांग. मी आठवडाभर विचार करतोय."

मी वळले. समोर नवरा! नणंदेने त्याला आत ढकलताना सांगितलं होतं की वहिनी बोलेपर्यंत उतरायचं नाही. मी फाळक्यावर मुठी आपटल्या, पाय आपटले, गळा काढला. ड्रायव्हर थांबला नाही. इतकं मन लावून माझं ऐकणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही. नवरा मात्र एकदम शांत झाला. बंद खोक्यात अडकण्याचा त्याचा अनुभव दांडगा. तो मला म्हणाला की घाबरायचं नाही, दार जबरदस्तीने उघडायचं नाही, मदत येईपर्यंत भिंतीला टेकून बसायचं. मी त्याला सगळी पद्धत सांगून टाकली. त्याने स्वतःच्या मानेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे तू रागावली नव्हतीस?" मी नाही म्हटलं. त्यावर त्याने विचारलं की मग मानेचं खाजवणं पुढेही चालू ठेवता येईल का.

पण माझं लक्ष नव्हतं. डॉक्टर वाट बघत होते, दाढ तशीच होती आणि मी घोडीऐवजी नवरा घेऊन चालले होते. माझी पाटी गेली त्याचं काही नाही, पण त्या मुक्या जिवाचं काय? मला रडू फुटलं.

"ते पांढरं काय येतंय?" नवरा फाळक्यावरून वाकून म्हणाला.

राणीसाहेब येत होत्या! रस्त्याच्या मधोमध, मान खाली, कान माझ्याकडे, संथ पावलं टाकत ट्रकच्या मागे. ना दोरी, ना माणूस. त्यांच्या मागे धापा टाकत मेजर, मेजरांच्या मागे स्कूटरवर नणंद आणि सासूबाई, आणि त्यांच्या मागे भोंगे वाजवणारी अख्खी रहदारी. मी लगेच पाठ फिरवली, कारण नजर म्हणजे दाब. नवऱ्यालाही फिरवायला लावली. दवाखान्याच्या दारापर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडे पाठ करून उभे होतो, आणि मागे टापा वाजत होत्या.

दाढ निघाली. ती निघाल्यावर राणीसाहेबांनी डॉक्टरांच्या बाहीला नाक पुसलं. मेजरांनी सगळ्यांसमोर मला सलाम ठोकला. सासूबाई एका अनोळखी बाईंना म्हणाल्या, "आमची सून आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं, "चालत येते ना ही? मग ट्रक कशाला आणलात?"

आम्ही सगळे ट्रककडे बघायला लागलो. मेजर म्हणाले की आजारी जनावर गाडीतूनच न्यायचं असतं, असं ते लहानपणापासून ऐकत आले आहेत.

गुंगी पूर्ण उतरल्यावर परतायचं ठरलं, अर्थात चालत. दवाखान्याच्या फाटकाशी मी डॉक्टरांना माझी पद्धत पहिल्यापासून समजावून सांगत होते. तेवढ्यात मागे फळी खडखडली. राणीसाहेब आपल्या आपण ट्रकमध्ये चढल्या होत्या आणि खाली पसरलेला पेंढा खात होत्या. पेंढा का होईना, खात होत्या! मेजर मिशा पुसायला लागले, मीही डोळे पुसले. कसं केलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "संयम."

तबेल्यात पोचल्यावर मेजरांनी शब्द पाळला. पाटीवर माझं नाव लागलं आहे, खाली 'प्रशिक्षिका' असं ठळक लिहिलेलं आहे, येता जाता जरूर बघा. त्यांनी मला पहिली कामगिरीही तिथल्या तिथे नेमून दिली. ट्रक भाड्याचा आहे, ड्रायव्हरला तो उद्या परत न्यायचा आहे, आणि राणीसाहेब खाली उतरायला तयार नाहीत. मी फाळक्याशी पाठ करून उभी आहे. मागून नुसता चावण्याचा आवाज येतोय.